बॉयलर मेला नाही, चावीवाला झोपलाय: हीटिंगचा बिघडलेला व्हॉल्व्ह कसा ओळखायचा

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलले तसंच जवळपास ठेवलंय.)

  स्वेटर बाहेर निघाले का?

आजचा भाग ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी आहे. लंडन, लेस्टर, स्लाउ, मँचेस्टर, कुठेही. नोकरीला आलेले, शिकायला आलेले, चौघांत एक घर घेऊन राहणारे. पुण्यात किंवा नागपुरात बसून ऐकत असाल तर तुम्हाला थेट उपयोग नाही, पण तुमची कुणीतरी मावसबहीण नाहीतर रूममेट इथे नक्की असेल. तिला पाठवून द्या.

दर वर्षी ऑक्टोबर संपला की एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. हीटिंग गेलंय. एजंट म्हणतो बॉयलर जुना आहे, बदलावा लागेल, घरमालकाला विचारून सांगतो. आठवडा झाला, कुणी आलं नाही. आणि मग शेवटची ओळ असते: बाळंतपणासाठी आई-बाबा आलेत भारतातून, आई दोन शाली घेऊन बसलीये. ही शेवटची ओळ वाचली की विषय गमतीचा राहत नाही.

तर आज मी तुम्हाला बॉयलर दुरुस्त करायला शिकवणार नाहीये. बॉयलरचं झाकण उघडायचंच नाही, गॅसला हात लावायचा नाही. ते काम गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्या माणसाचं, आणि तो कायदा आहे. मी सांगणार आहे ते एका छोट्या डब्याबद्दल, जो बॉयलरच्या बाहेर असतो, बहुतेक वेळा कपाटात लपलेला असतो, आणि ज्याच्यामुळे चांगला धडधाकट बॉयलर मेल्यासारखा पडून राहतो. त्याचं नाव मोटराइज्ड व्हॉल्व्ह.

आधी तुमच्या घरात तो आहे का ते बघू. घरात गरम पाण्याची मोठी उभी टाकी आहे का? बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर एखाद्या कपाटात असते, त्याच कपाटात लोक टॉवेल ठेवतात. टाकीवर फोमचं हिरवं किंवा निळं आवरण असतं. आपल्या आजीच्या बंबाची धिप्पाड बहीण समजा. टाकी असेल तर तिच्या आसपासच्या तांब्याच्या पाइपांवर साबणाच्या डबीएवढा धातूचा डबा बसवलेला दिसेल. त्यातून जाड वायर बाहेर येते आणि एका बाजूला खाचेतून छोटी दांडी डोकावते. तोच आपला गडी. असे दोन डबे असतील तर एक रेडिएटरचा आणि एक टाकीचा. या रचनेला इथले लोक एस-प्लॅन म्हणतात. एकच डबा असेल आणि त्याच्याखाली तीन पाइप एकत्र येत असतील तर तो वाय-प्लॅन.

टाकी नाहीच आणि नळ सोडला की बॉयलर लगेच पेटतो, म्हणजे तुमचा कॉम्बी बॉयलर. त्याच्यातही पाणी इकडे की तिकडे हे ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, पण तो बॉयलरच्या पोटात असतो. तिथे आपलं काम नाही. तुम्ही भागाच्या शेवटाकडे, घरमालकाशी कसं बोलायचं तिथे उडी मारा.

आता हे सगळं चालतं कसं ते समजून घेऊ. हे समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

मुंबईत पालिकेचा चावीवाला असतो, माहितीये ना? तो येतो, रस्त्यातल्या व्हॉल्व्हला लांब चावी लावतो, फिरवतो, आणि तुमच्या गल्लीत पाणी येतं. मोटराइज्ड व्हॉल्व्ह हा तुमच्या घरातला चावीवाला आहे. फक्त त्याच्याकडे दोन कामं आहेत. पहिलं, पाइप उघडायचा. दुसरं, पाइप पूर्ण उघडला की बॉयलरकडे बघून हात करायचा, की हं, आता पेटव.

बहुतेकांना हे दुसरं काम माहीतच नसतं. आपल्याला वाटतं थर्मोस्टॅट वाढवला की बॉयलर पेटतो. तसं नाहीये. थर्मोस्टॅट वाढवला की वीज जाते ती व्हॉल्व्हला. व्हॉल्व्हमधली बारकीशी मोटर स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावून पाइप उघडते. पूर्ण उघडत आला की आतला एक छोटा स्विच दाबला जातो. त्या स्विचमधून पुढे वीज जाते आणि मग बॉयलर आणि पंप चालू होतात. म्हणजे बॉयलरला निरोप सगळ्यात शेवटी मिळतो.

असं का केलंय? शेतावर मोटर चालू करण्याआधी कॉक उघडा आहे का ते बघतात, त्याच कारणासाठी. पाइप बंद आणि पंप चालू, असं व्हायला नको.

आणि हीटिंग बंद केलं की काय होतं? मोटरची वीज जाते, स्प्रिंग पाइप परत बंद करते, स्विच सुटतो, बॉयलर थांबतो. हीटिंग चालू असेपर्यंत मात्र ती मोटर सतत जोर लावून स्प्रिंगला धरून उभी असते. हिवाळाभर, तासन्‌तास, गरम पाइपावर, बंद कपाटात. ती जळते यात नवल नाही.

डब्यातून पाच वायर येतात, त्यांची ओळख करून घ्या. ब्राउन म्हणजे थर्मोस्टॅटकडून आलेला हुकूम, हिच्यावर वीज आली की मोटर फिरते. ब्लू म्हणजे न्यूट्रल. हिरवी-पिवळी म्हणजे अर्थिंग. ग्रे म्हणजे स्विचला येणारी कायमची वीज. आणि ऑरेंज म्हणजे बॉयलरकडे जाणारा निरोप. ही माहिती वायर उघडण्यासाठी देत नाहीये. उलट, घाबरवण्यासाठी देतेय. ग्रे वायरवर २३० व्होल्ट कायम असतात. टाइमर बंद केला, थर्मोस्टॅट खाली केला, तरी असतातच. म्हणून 'हीटिंग बंद केलंय, आता डबा उघडून बघतो' हे डोक्यातून काढून टाका. वीज खरी बंद होते ती भिंतीवरच्या फ्यूज असलेल्या स्विचवरून, आणि ती खरंच बंद झाली का हे टेस्टर लावून बघणाऱ्याने मगच झाकण उघडायचं. भाडेकरूने तर नाहीच.

मग आपण करायचं काय? आपण तपासायचं. बाहेरून, हाताने, कानाने आणि मोबाइलने. स्क्रू ड्रायव्हर लागणार नाही.

व्हॉल्व्हला दोष देण्याआधी चार साध्या गोष्टी बघून घ्या. थर्मोस्टॅट वायरलेस असेल तर त्याच्या बॅटऱ्या. टाइमरचं घड्याळ, कारण इथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळ बदलते आणि जुने टाइमर स्वतःहून बदलत नाहीत. बॉयलरवर प्रेशरचा काटा असेल तर तो थंड असताना साधारण १ ते १.५ बारच्या मध्ये आहे का. आणि बॉयलरच्या स्क्रीनवर एररचा कोड दिसतोय का. कोड असेल तर त्याचा फोटो काढा, तो बॉयलरचाच विषय आहे. बाहेर कडाक्याची थंडी असेल आणि बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडत असेल, तर त्याचा पाणी बाहेर सोडणारा प्लास्टिकचा पाइप गोठला असण्याची शक्यता मोठी. एकच रेडिएटर थंड असेल आणि बाकीचे गरम, तर तो त्या रेडिएटरचा दोष, व्हॉल्व्हचा नाही.

हे सगळं ठीक आहे? मग आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारा. फक्त गरम पाणी मागितलं तर बॉयलर पेटतो का?

नळाला गरम पाणी येतंय का, असं मी विचारत नाहीये. नीट ऐका, कारण इथेच गोंधळ होतो. टाकीतलं पाणी कित्येक तास गरम राहतं, म्हणजे आत्ता येणारं पाणी सकाळचं असू शकतं. बाथरूममध्ये इलेक्ट्रिक शॉवर असेल तर तो स्वतःचं पाणी स्वतः तापवतो, त्याचा बॉयलरशी संबंध नाही. आणि टाकीत इमर्शन हीटर असतो, आपल्या गिझरच्या कॉइलसारखा, तो कुणीतरी चालू ठेवला असेल तर पाणी विजेवर तापतंय. म्हणून इमर्शनचा स्विच बंद करा. टाकीतलं गरम पाणी थोडं वापरून टाका, कुणालातरी आंघोळीला पाठवा. मग टाइमरवर हीटिंग बंद, हॉट वॉटर चालू, आणि बॉयलरजवळ जाऊन उभे राहा.

पेटला? अभिनंदन. तुमचा बॉयलर जिवंत आहे.  रेडिएटर आणि टाकी दोघांना तापवणारा बॉयलर एकच आहे, त्यामुळे तो टाकीसाठी पेटतोय आणि रेडिएटरसाठी नाही, याचा अर्थ दोष रेडिएटरच्या वाटेवर आहे. थर्मोस्टॅट, टाइमर, वायर, नाहीतर व्हॉल्व्ह. हे एक वाक्य तुम्हाला एजंटशी बोलताना लागणार आहे, लक्षात ठेवा. नवा बॉयलर चार आकडी पाउंडांत जातो. व्हॉल्व्हची मोटर दोन आकडी पाउंडांत मिळते. मधल्या या फरकापायीच कधी कधी घरमालक तीन आठवडे 'बघतो, बघतो' करत बसतो, आणि तुम्ही थंडीत.

आता कपाटाकडे या. ही तपासणी दोन व्हॉल्व्हवाल्या घरासाठी आहे.

पहिली पायरी. टाइमरवर दोन्ही बंद करा, थर्मोस्टॅट अगदी खाली. पाच मिनिटं थांबा. मग रेडिएटरच्या व्हॉल्व्हची दांडी हळूच सरकवून बघा. पाइप गरम असतील, तेवढं सांभाळा. दांडीला एकसारखा जोर लागला पाहिजे, आतून गिअर फिरल्याचा बारीक घर्र आवाज येईल, आणि सोडली की ती परत जागेवर जाईल. याचा अर्थ व्हॉल्व्ह बंद आहे आणि स्प्रिंग ठीक आहे. चावीवाला आरामात बसलाय, जसा असायला हवा.

दुसरी पायरी. आता हीटिंग चालू करा आणि थर्मोस्टॅट पार वर न्या. घरात कुणाला तरी थर्मोस्टॅटजवळ उभं करा आणि तुम्ही कपाटात कान लावून थांबा. आत मोटरची घरघर काही सेकंद ऐकू आली पाहिजे. मग बॉयलर पेटला पाहिजे. मिनिटभराने दांडी परत हलवून बघा. या वेळी ती अगदी सैल, लुळी लागली पाहिजे, कारण मोटरने व्हॉल्व्ह आधीच उघडून ठेवलाय.

मोबाइल काढा आणि हे सगळं व्हिडिओत घ्या. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने दांडी. आवाज स्पष्ट येऊ द्या, आणि थर्मोस्टॅटची स्क्रीनही एकदा दाखवा, म्हणजे हीटिंग मागितलं होतं हे दिसतं. हा तीस सेकंदांचा व्हिडिओ दहा फोन कॉलच्या बरोबरीचा आहे.

आता निकाल लावू.

पहिली शक्यता. हीटिंग मागितलं, पण घरघर नाही, आणि दांडीला अजूनही जोर लागतोय. म्हणजे मोटर हललीच नाही. मोटर जळली असेल, किंवा तिच्यापर्यंत वीज पोचतच नसेल. हे दोन वेगळे दोष आहेत आणि बाहेरून त्यांच्यात फरक करता येत नाही. येणाऱ्या माणसाने ब्राउन वायरवर वीज येतेय का हे मोजलं पाहिजे. येतेय, तर मोटर गेली. येत नाहीये, तर थर्मोस्टॅट किंवा टाइमर. न मोजता थेट मोटर बदलणारा माणूस आला, तर नम्रपणे विचारा, 'ब्राउनवर वीज बघितलीत का?' त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल, पण तुमचं काम नीट होईल.

दुसरी शक्यता. घरघर झाली, दांडी सैल आहे, म्हणजे पाइप उघडलाय. पण बॉयलर ढिम्म. आणि मघाशी हॉट वॉटरवर तर तो पेटला होता. मग चावीवाल्याने चावी फिरवली, पण हात केला नाही. आतला छोटा स्विच गेला, किंवा ऑरेंज वायरचं कनेक्शन सुटलंय. अशा वेळी बॉयलर बदलून काही म्हणजे काही होणार नाही.

तिसरी शक्यता उलटी आहे, आणि ती जास्त महागात पडते. सगळं बंद केलंय, तरी बॉयलर चालूच. थर्मोस्टॅट खाली, टाइमर बंद, तरी रेडिएटर तापतायत. इथे स्विच चिकटून बसलाय, किंवा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय आणि स्विच दाबलेला राहिलाय. चावीवाल्याचा हात हवेतच राहिला. या दोषात गंमत अशी की कुणी तक्रार करत नाही, कारण घर गरम आहे ना! बिल आलं की कळतं. तुमच्या घरात बिल भाड्यात धरलेलं नसेल तर दर महिन्याला मीटरचा फोटो काढायची सवय लावा. फक्त दोन गोष्टींना दोष समजू नका. बंद केल्यावर पंप काही मिनिटं चालतो, ते ठीक आहे, तो बॉयलरमधली उष्णता बाहेर काढत असतो. आणि कडक थंडीत पाइप गोठू नयेत म्हणून बॉयलर स्वतःहून थोडा वेळ पेटू शकतो.

चौथी शक्यता. उन्हाळ्यात फक्त गरम पाणी चालू आहे, तरी रेडिएटर कोमट. बंद असताना दांडीला जोर लागतोय, म्हणजे डबा त्याचं काम करतोय, पण आतून पाणी झिरपतंय. व्हॉल्व्हच्या आतली सील झिजली किंवा मध्ये कचरा अडकला. कचरा म्हणजे काय, तर रेडिएटर स्टीलचे असतात, ते आतून गंजतात आणि त्याचा काळा गाळ पाण्यात फिरतो. या पाण्यात गंज रोखणारं औषध घालतात, ते वर्षानुवर्षं कुणी बघितलं नाही की असं होतं.

वाय-प्लॅनवाल्यांनो, तुमच्या एकाच व्हॉल्व्हला दोघांचं काम बघावं लागतं. त्याला तीन तोंडं असतात. बॉयलरकडून येणारं, टाकीकडे जाणारं आणि रेडिएटरकडे जाणारं. तो या टोकाला, त्या टोकाला आणि मध्येही थांबतो. त्याची वायरिंगही फसवी असते, चांगल्या चांगल्यांना चकवते. म्हणून दांडीवरून निष्कर्ष काढू नका. फक्त लक्षणं लिहून काढा: फक्त हीटिंग मागितलं तर काय गरम होतं, फक्त पाणी मागितलं तर काय, दोन्ही मागितलं तर काय. तीन ओळी. येणाऱ्या माणसाचा अर्धा तास वाचतो.

दुरुस्ती काय असते तेही सांगते, म्हणजे तुम्हाला कुणी उगाच मोठं काम सांगितलं तर कळेल. तीन पातळ्या आहेत. फक्त मोटर बदलायची. किंवा वरचा अख्खा डबा बदलायचा, त्यात मोटर आणि स्विच दोन्ही येतात. किंवा पितळेच्या भागासकट पूर्ण व्हॉल्व्ह. पहिल्या दोन कामांत पाइपातलं पाणी काढावं लागत नाही. पूर्ण व्हॉल्व्ह बदलायचा तर सिस्टिम रिकामी करा, परत भरा, हवा काढा, गंजाचं औषध घाला, असा दिवसाचा घाट. हनीवेलचे व्हॉल्व्ह इथे खूप घरांत दिसतात. त्यांच्या झाकणावर बारीक उंचवटा असेल तर वरचा डबा पाणी न काढता सुटतो. जुन्या मॉडेलवर तो उंचवटा नसतो. झाकणाचा फोटो काढून पाठवलात की माणूस बरोबर भाग घेऊन येतो.

आणि एक गोष्ट त्याला आवर्जून बघायला सांगा. डबा काढल्यावर खाली पितळेच्या भागातून एक दांडा वर आलेला दिसतो. तो सहज फिरतोय का? तो घट्ट झाला असेल तर नवी मोटर त्याच्याशी कुस्ती खेळत परत जळेल, आणि तुम्ही जानेवारीत पुन्हा तिथेच.

बरं, माणूस चार दिवसांनी येणार. तोपर्यंत काय? दोन व्हॉल्व्हचं घर असेल, मोटर गेली असेल पण हॉट वॉटरवर बॉयलर पेटत असेल, तर एक तात्पुरता जुगाड आहे. रेडिएटरच्या व्हॉल्व्हची दांडी सरकवून खाचेत अडकवा. तिथे बहुतेक वेळा मॅन्युअल असं लिहिलेलं असतं. पाइप हाताने उघडला गेला. आता टाइमरवर हॉट वॉटर चालू करा. टाकीच्या निमित्ताने बॉयलर पेटतो आणि तेच पाणी रेडिएटरमध्येही जातं. मर्यादा लक्षात ठेवा. टाकी तापली की बॉयलर थांबेल, मग थोडं गरम पाणी वापरल्यावर परत पेटेल. खोलीच्या थर्मोस्टॅटचा काही ताबा राहणार नाही. दुरुस्ती झाली की दांडी मागे घ्यायला विसरू नका, नाहीतर जूनमध्ये रेडिएटर तापतील. आणि दांडीला जबरदस्ती नको. अडकत नसेल तर सोडून द्या.

उलट, टाकीचा व्हॉल्व्ह गेला असेल तर पाण्यासाठी इमर्शन आहेच. गॅसपेक्षा वीज महाग पडते, पण बाळाच्या आंघोळीपुरतं पाणी तर होतं.

आता घरमालकाकडे येऊ. मला खरं तर आज याबद्दलच बोलायचं होतं.

आपली मुलं घाबरतात. 'कशाला उगाच तक्रार? डिपॉझिट कापलं तर? व्हिसावर काही आलं तर?' एक शब्द स्पष्ट सांगते. घरात हीटिंग दुरुस्त करून मागणं आणि तुमचा व्हिसा, यांचा काडीचाही संबंध नाही. इंग्लंडमध्ये १९८५ चा घरमालक आणि भाडेकरू कायदा आहे. त्याचं ११ वं कलम सांगतं की घर आणि पाणी तापवणारी यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी. सात वर्षांपेक्षा कमी मुदतीचं भाडं असेल तर हे लागू होतं, म्हणजे आपल्यातल्या जवळपास सगळ्यांना. करारात काही वेगळं लिहिलं म्हणून ती जबाबदारी तुमच्या गळ्यात येत नाही. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, पण हीटिंगची जबाबदारी तिथेही घरमालकाचीच.

मात्र त्याला कळवणं हे तुमचं काम. फोनवर सांगितलेलं हवेत जातं. ईमेल करा. त्यात काय लिहायचं? कोणत्या तारखेपासून हीटिंग बंद आहे. घरात कोण आहे, म्हणजे लहान बाळ, वयस्कर माणसं, आजारी कुणी. काय तपासलं: हॉट वॉटरवर बॉयलर पेटतो, हीटिंगवर पेटत नाही, रेडिएटरच्या व्हॉल्व्हमध्ये हालचाल नाही, व्हिडिओ जोडला आहे. आणि शेवटी, दुरुस्तीला माणूस कधी येणार ते कळवा. बस. रागावलेलं एकही वाक्य नको. 'आम्हाला वाटतं' नको, 'असं दिसतंय' लिहा.

भाडं थांबवू नका. हा मोह होतो, पण भाडं थकलं की बाजू तुमची कमकुवत होते. आणि स्वतः डबा उघडू नका. काही बिघडलं, किंवा शॉक बसला, तर दुरुस्तीचा प्रश्न बाजूला राहून नवाच प्रश्न उभा राहतो. उत्तर येत नसेल तर स्थानिक कौन्सिलच्या घरांसंबंधी विभागाला कळवा. शेल्टर आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्था भाडेकरूंना फुकट सल्ला देतात. विद्यार्थी असाल तर विद्यापीठाच्या स्टुडंट्स युनियनमध्ये विचारा, बऱ्याच ठिकाणी घराच्या प्रश्नांसाठी वेगळा माणूस असतो.

घर तुमचं स्वतःचं असेल, तर व्हॉल्व्हसाठी हीटिंग इंजिनिअर किंवा या कामाची सवय असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा. फोनवरच सांगा, एस-प्लॅन आहे, रेडिएटरचा व्हॉल्व्ह उघडत नाहीये, फोटो पाठवते. गाडीत मोटर घेऊन आलेला माणूस आणि बघायला आलेला माणूस, यात एका फेरीचे पैसे असतात.

जाता जाता एक सवय. रेडिएटरचा व्हॉल्व्ह उन्हाळाभर बसून असतो आणि पहिल्या थंडीला त्याच्याकडून एकदम काम मागितलं जातं. तेव्हाच तो दगा देतो. म्हणून मे ते सप्टेंबर, महिन्यातून एकदा हीटिंग पाच मिनिटं चालू करा. व्हॉल्व्ह उघडतो, पंप फिरतो, काही अडकत असेल तर उन्हाळ्यातच कळतं. सप्टेंबरमध्ये माणूस दोन दिवसांत मिळतो. डिसेंबरमध्ये नाही.

थोडक्यात, उद्या सकाळी एवढंच करा. कपाट उघडा, डबा शोधा, त्याचा फोटो काढून ठेवा. आत्ता सगळं चालू असताना दांडी सैल कशी लागते आणि बंद असताना जोर किती लागतो हे हाताला कळू द्या. चांगल्या तब्येतीचा व्हॉल्व्ह कसा असतो हे माहीत असेल तरच आजारी ओळखता येतो.

तुमच्या घरातलं काही वेगळं लक्षण असेल तर व्हॉइस नोट पाठवा. हॉट वॉटरवर बॉयलर पेटतो की नाही, हे मात्र आधी बघून मग पाठवा! हा भाग तुमच्या घराच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्याच्या नावावर भाड्याचा करार आहे त्याला. आणि आई-बाबा आले असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा. काळजी घ्या, ऊबदार राहा. भेटू पुढच्या भागात.